छत्र आणि सत्र : आपत्तीतील आसऱ्याचा इतिहास



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. माझे आयुष्य मराठी भाषा आणि साहित्य शिकवण्यात गेले. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय खरा, पण अध्यापनाचा नव्हे. म्हणून आजच्या विषयाकडे मी शब्दाच्या वाटेने जाणार आहे. वादळ, महापूर, दुष्काळ किंवा साथ यांमुळे हजारो माणसांना एकाच वेळी घर सोडावे लागते, तेव्हा त्यांना आसरा कोणी आणि कसा दिला, तो कोठे टिकला आणि कोठे मोडला, हा आजचा विषय आहे. आपत्तीत माणसे जेथे प्रथम धाव घेतात ती इमारत बहुधा शाळेचीच असते. त्यामुळे हा विषय शाळेत मांडणे मला अस्थानी वाटत नाही.

बागमध्ये बोलताना आरंभ बागच्या लेण्यांपासून करणे उचित होय. ही लेणी जगाला ठाऊक आहेत ती भित्तिचित्रांसाठी. नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी १९२१ च्या सुमारास येथे आले, त्यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. मूळ चित्रांचा उरलासुरला भाग पुढे ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात हलवण्यात आला. परंतु ही लेणी मुळात चित्रशाळा म्हणून कोरलेली नाहीत. ते विहार आहेत, म्हणजे राहण्याच्या जागा. फिरस्त्या भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे या नियमातून विहारांची परंपरा उभी राहिली, म्हणजे मूळ गरज पावसातल्या आसऱ्याचीच. येथील क्रमांक दोनच्या लेण्यात माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा एक ताम्रपट सापडला. तो पाचव्या शतकातला मानला जातो. त्यात एका गावाचे दान नोंदलेले आहे. दानाचा हेतू पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. पूजेसाठी गंध-धूप-फुले यांची सोय तर आहेच. त्याबरोबर विहाराच्या मोडक्या-फुटक्या भागाची दुरुस्ती, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी वस्त्र, अन्न, अंथरूण, आसन, आजाऱ्यांची शुश्रूषा आणि औषध यांचीही तरतूद आहे. लेणे कोरून झाले म्हणजे काम संपले, असे त्या राजाला वाटलेले दिसत नाही. येथला वालुकाश्म ठिसूळ आहे. छत तोलून धरण्यासाठी कोरणाऱ्यांनी दालनांच्या मध्यभागी जादा खांब ठेवले, तरी पुष्कळ भाग कोसळलाच. छपराची डागडुजी आणि आतल्या माणसाची काळजी या दोन्हींसाठी कायमचे उत्पन्न लावून देणारा हा ताम्रपट म्हणजे आसरा चालवण्याचे एक जुने अंदाजपत्रकच होय.

या ताम्रपटात एक शब्द आहे, ‘सत्र’. सत्र म्हणजे अखंड चालणारे काम, विशेषतः येणाऱ्या-जाणाऱ्याला अन्न देण्याचे काम. आपण आज ‘अन्नछत्र’ म्हणतो, त्याचे मूळचे रूप ‘अन्नसत्र’. कोशांत दोन्ही रूपे सापडतात, पण लोकांच्या तोंडी ‘छत्र’ रुळले. कारण समजण्यासारखे आहे. छत्र डोळ्यांना दिसते, सत्र दिसत नाही. मांडव, पत्रे, इमारत यांचे छायाचित्र निघते, उद्घाटन होते. पहाटे चार वाजता पाण्याच्या टाक्या भरणाऱ्याचे, किंवा रात्री आजारी म्हातारीला शौचास नेणाऱ्या स्वयंसेविकेचे उद्घाटन कोणी करीत नाही. भाषेने सत्राचे छत्र केले. आपल्या सार्वजनिक व्यवहारानेही पुष्कळदा तेच केले आहे. आसरा मोडतो तो छत नसल्यामुळे क्वचित, छताखालचे सत्र न चालल्यामुळे वारंवार, असे मला इतिहासात दिसते. तेच आज काही उदाहरणांनी आपणापुढे ठेवतो.

एक भेद आधीच स्पष्ट करतो. ‘आश्रय’ आणि ‘आसरा’ हे सख्खे शब्द असले तरी त्यांचा वापर वेगळा आहे. आश्रय राजा देतो, एखाद्याला देतो. राघोबादादांच्या धामधुमीत आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयास ठेवले होते आणि जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तेथेच झाला, हे आपण जाणताच. तो आश्रय. त्याला एक किल्ला आणि एक धनी पुरतो. आसरा शोधतो तो जनसमुदाय, आणि त्याला केवळ धन्याचे औदार्य पुरत नाही, व्यवस्था लागते. महाराष्ट्रात ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर कसाला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारने मदतकामे काढली. सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीचे धोरण आखले. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा, असा मोबदला कमी करण्यात आला. त्याबरोबर, खरोखर गरजू असेल तोच येईल या हिशेबाने, मजुरांनी घरापासून दूरच्या कामांवर जावे आणि तेथल्या तळावर राहावे असा आग्रह धरण्यात आला. याचा परिणाम काय झाला? १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी सरकारी अन्न नाकारले, हे सरकारला कोडे वाटले. गणेश वासुदेव जोशी आणि पुणे सार्वजनिक सभा यांनी त्या मजुरांची बाजू मांडली. तळावर जाणे म्हणजे घर, गुरे आणि शेजार सोडून अनोळखी गर्दीत जाणे होते. आसरा देताना पोटाची परीक्षा घ्यायची आणि तीही दुबळ्यांना पायपीट करायला लावून, हे लोकांना सोसले नाही.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाने ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढला. जोतीराव फुले यांनी १७ मे १८७७ रोजी त्यासाठी मदतीचे आवाहन केले. दुष्काळात आईबापांपासून तुटलेल्या, किंवा आईबाप मजुरीला गेल्यामुळे उघड्यावर पडलेल्या मुलांना तेथे अन्न मिळे. सरकारी तळाच्या मानाने तो प्रयत्न लहान होता. परंतु तेथे मुलाला पात्रता सिद्ध करावी लागत नव्हती आणि जेवू घालणारी माणसे त्या मुलखातलीच होती. सावित्रीबाईंचे त्या काळातले श्रम आपण जाणतो. त्यांचा शेवटही याच कामात झाला. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांनी पुण्याबाहेर सुरू केलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. तेथेच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेगचे ते वर्ष या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. साथ पसरू नये म्हणून रुग्णाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवायचे, हे तत्त्व वैद्यकीयदृष्ट्या निराधार नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँड यांच्या समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या सुरू केल्या. देवघरापर्यंत बूट गेले, स्त्रियांची उघड्यावर तपासणी झाली, सामानाच्या होळ्या झाल्या. छावणीत गेलेला माणूस परत येतो की नाही याविषयी लोकांना शंका वाटू लागली. ते दुखणी लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. परंतु त्यापुढची गोष्ट शाळेत फारशी सांगितली जात नाही. टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली. सरकारलाही पुढील काही वर्षांत सक्ती सैल करावी लागली. आणि मग काय दिसते? प्लेगचा उंदीर पडला की गावेच्या गावे आपण होऊन रानात झोपड्या घालून राहू लागली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीच्या तोंडी ‘प्लेगच्या झोपड्या’ हा शब्द अगदी घरगुती होता. ज्या लोकांनी छावणीला प्राणपणाने विरोध केला, त्याच लोकांनी गाव सोडून उघड्यावर राहणे पत्करले. त्रास दोन्हीकडे होता. परंतु झोपडी त्यांनी स्वतः घातली होती, शेजारी कोण असावा हे स्वतः ठरवले होते आणि घरी कधी परतायचे हेही त्यांच्याच हाती होते.

माळव्याला हा धडा छप्पन्नच्या दुष्काळाने दिला. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. माळव्याची काळी जमीन कधी दगा देत नाही अशी ख्याती होती आणि म्हणून मारवाडातून माणसे गुराढोरांसह इकडे येत. त्या वर्षी आसरा देणारा मुलूखच होरपळला. धार, अमझेरा, बाग हा भोपावर एजन्सीचा डोंगराळ भाग आणि त्यातला भिल्ल समाज यांची दैना सर्वांत जास्त झाली. १९०० च्या उन्हाळ्यात पश्चिम भारतातल्या मदतकामांवर अफाट गर्दी जमली, पाणी दूषित झाले आणि पटकीने त्या गर्दीतच माणसे मेली. उपासमारीपासून वाचवण्यासाठी ज्यांना एकत्र आणले त्यांना एकत्र आणण्यानेच मारले. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने यातून निष्कर्ष काढला तो असा, की मदत लवकर सुरू व्हावी, शक्यतो गावाच्या जवळ व्हावी, आणि लोकांचे धैर्य खचण्यापूर्वी त्यांच्या मनाला उभारी द्यावी. धान्याचे वजन ठरवण्यात पंचवीस वर्षे घालवलेल्या सरकारला मनाच्या उभारीचे महत्त्व कळायला तीन मोठे दुष्काळ लागले.

यानंतर विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊ. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सैबेरियाकडे हाकलले गेलेले लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात त्यांची मोठी छावणी होती. तेथे सुमारे पाच हजार माणसे राहिली, बहुतेक स्त्रिया आणि मुले. बराकी साध्याच होत्या. परंतु या माणसांनी तेथे आपल्या भाषेच्या शाळा चालवल्या, चर्च उभारले, नाटके केली, बालवीरांची पथके काढली. छावणीच्या दैनंदिन कारभारात पोलिश लोकांचाच मोठा वाटा होता. म्हणून पाच वर्षांच्या त्या तळाला गावपण आले, आणि ती मुले म्हातारी झाल्यावरही कोल्हापूरला भेट द्यायला येत राहिली.

१९४७ नंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. पाच छावण्या मिळून १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्या लोकांच्या उद्योगशीलतेचे कौतुक सर्वांनी केले आहे, ते योग्यच. पण तेथला पत्ता आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असा सांगितला जातो. तात्पुरता म्हणून दिलेला क्रमांक पिढ्यानुपिढ्या माणसाला चिकटून राहतो, याची ही साक्ष होय.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या शाळेच्या वर्गांत पूरग्रस्त कुटुंबे राहायला आली आणि आम्हा मुलांना अनपेक्षित सुटी मिळाली. मी वडिलांचे बोट धरून चादरी द्यायला गेलो होतो. तेथे पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर खडूने कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या, त्यांची पेठ आणि ‘कोण सापडत नाही’ असा चौथा रकाना होता. आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी ते रकाने आखले होते. लोक येत, फळे वाचत, पुढच्या वर्गात जात. कोणी फळ्यापुढे हुंदका देई, कोणी धावत सुटे. सायंकाळी त्याच कुटुंबांतल्या बायकांनी आळीपाळीने पोळ्यांचे काम वाटून घेतलेले मी पाहिले. वडील परतताना एवढेच म्हणाले, ‘काम मिळालं की माणूस सावरतो.’ त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

पुढे पुण्यात पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या ‘निसन हट’ उभ्या राहिल्या, नव्या वसाहती वसल्या. पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे सोपवले गेले आणि ते वेगाने झाले. परंतु त्या वसाहतींतील जागांच्या मालकीचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. आसऱ्याची सुरुवात करणे जितके महत्त्वाचे तितकेच त्याचा शेवट ठरवणे महत्त्वाचे आहे, हे पानशेतने शिकवले.

आता आपल्या देशाबाहेर पाहू. कारण छत्र आणि सत्र यांतला फरक शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारे इतके स्पष्ट उदाहरण मला आपल्याकडे सापडले नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचे चक्रीवादळ आले. बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, पैसे नव्हते, त्यांच्यासाठी ‘सुपरडोम’ हे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागार अखेरचा आसरा म्हणून उघडण्यात आले होते. येणाऱ्यांनी आपापले खाणेपिणे आणावे असे सांगितले होते. सुमारे दहा हजार माणसे पहिल्या रात्री होती, पुढे ती वीस हजारांवर गेली. वाऱ्याने छपराचा काही भाग उडाला, वीज गेली, पाणी बंद पडले, शौचालये तुंबली. आतल्या माणसाला बस कधी येणार हे सांगणारा कोणी नव्हता. बाहेर अफवा उठल्या की आत खून आणि अत्याचार यांचे थैमान चालले आहे. पुढे चौकशीत त्या अफवांपैकी बहुतेक खोट्या किंवा अतिरंजित ठरल्या. माणसे पशू झाली नव्हती. त्यांना पशूंसारखे कोंडले गेले होते.

याच माणसांपैकी हजारोंना बसने सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर ह्यूस्टनला नेण्यात आले. तेथेही आसरा मिळाला तो एका क्रीडागारातच, ‘ॲस्ट्रोडोम’ आणि त्याच्या आवारात. तेथली संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली, म्हणजे गर्दी कमी नव्हती. पण एका दिवसाच्या आत तेथे दवाखाना उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली. हरवलेल्या नातलगांसाठी फलक लागले, दूरध्वनीची सोय झाली, टपाल यावे म्हणून त्या जागेला स्वतंत्र पिनकोड मिळाला. मुलांची नावे शहरातल्या शाळांत घालण्यात आली. हजारो स्वयंसेवक पाळीपाळीने काम करीत होते, आणि सर्व खात्यांचे निर्णय एका ठिकाणी होत होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या दिवसापासून दुसऱ्या चमूने आसरा रिकामा करण्याचे काम हाती घेतले होते, म्हणजे कुटुंबांसाठी भाड्याची घरे शोधण्याचे. तीन आठवड्यांच्या आत, पुढचे वादळ येण्यापूर्वी, ते क्रीडागार रिकामे झाले. वादळ एक, माणसे तीच, इमारतीही एकाच जातीच्या. अर्थात ह्यूस्टन कोरडे होते, तेथे वीज आणि रस्ते शाबूत होते, हे विसरून चालणार नाही. तरीही सुपरडोममध्ये ज्याचा पत्ता नव्हता ते सत्र ॲस्ट्रोडोममध्ये चालले, हे नाकारता येत नाही.

कतरिनाने आणखी एक गोष्ट शिकवली. पुष्कळ लोकांनी पाळीव प्राणी बरोबर नेता येत नाहीत म्हणून घर सोडले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की, स्थलांतराच्या योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. आपल्याला हे सांगायला कायदा कशाला हवा? मराठीत ‘छावणी’ म्हटले की आज प्रथम आठवते ती दुष्काळातली गुरांची छावणी. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि अहमदनगर जिल्ह्यात गुरांबरोबर माणसेही त्या छावण्यांत राहिली. शेळी आणि बैल ज्या आसऱ्यात बसत नाहीत त्या आसऱ्यात आपला शेतकरी येणार नाही, हे आपल्याकडच्या योजनाकाराने गृहीतच धरले पाहिजे.

आपल्या देशात हे सर्व धडे एकत्र करून दाखवले ते ओडिशाने. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर शेकडो चक्रीवादळ-निवारे बांधले. त्यांतले पुष्कळ निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात आणि त्यांची देखभाल गावातल्या समितीकडे असते. कोणी म्हातारे आणि गरोदर स्त्रिया आधी आणायच्या, कोणी स्वयंपाक पाहायचा, याच्या तालमी होतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. बंद पडलेली इमारत आपत्तीच्या रात्री उघडली तर तिची किल्ली सापडत नाही. रोज मुले जिथे बसतात तिथे नळ चालू असतो, दिवे लागतात आणि गावाला ती वाट पाठ असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा करोनाच्या साथीत माणसांना शाळांमध्ये अंतर राखून ठेवण्याचा दुहेरी पेच तेथील शिक्षक-तलाठी मंडळींनी सोडवला. त्याच वादळात अनेक शाळांचेच पत्रे उडाले, हेही सांगितले पाहिजे. सुबंधूच्या ताम्रपटातली मोडक्या-फुटक्याच्या दुरुस्तीची तरतूद येथे आठवते.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये धरमपुरी तालुक्यातील कारम नदीवरचे नवे धरण गळू लागले. धार जिल्ह्यातली १२ आणि खरगोन जिल्ह्यातली ६ अशी अठरा गावे रिकामी करण्यात आली. सैन्य आले, बाजूने चर खणून पाणी सोडण्यात आले, आणि १४ ऑगस्टला धोका टळला. एकही माणूस दगावला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो आसरा तीन-चार दिवसांचा होता. आपल्याच कुक्षी भागातल्या निसरपूर, चिखल्दा या गावांची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि ही गावे पाण्यात गेली. त्याआधी २०१७ मध्ये बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांसाठी पत्र्याचे तात्पुरते निवारे उभारण्यात आले होते. त्यांतल्या काही कुटुंबांना तेथे वर्षानुवर्षे राहावे लागले. धरणाच्या बाजूने आणि विरोधात बोलणारी मंडळी या सभेतही असतील. त्या वादात मी शिरत नाही. पण माळव्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ज्याने एक दुपार काढली आहे, त्याला ‘तात्पुरते’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. तात्पुरत्या आसऱ्याला शेवटची तारीख नसेल तर ती माणसाची विस्मृती होय. छप्पर दिले की आपले कर्तव्य संपले असे समाजाला वाटते आणि छपराखालचा माणूस यादीतून गळतो.

म्हणून या शाळेपुढे मी एक छोटी सूचना ठेवतो. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी आसऱ्याची काही किमान मापे ठरवली आहेत. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय. या मापाने वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या एका वर्गात तेराच माणसे नीट राहू शकतात. तीनशे माणसे आली तर रोज साडेचार हजार लिटर पाणी आणि पंधरा शौचालये लागतील. आपल्या शाळेत किती वर्ग आहेत, टाकी किती लिटरची आहे, मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का, आवारात किती गुरे बांधता येतील, किल्ली कोणाकडे असते, हे नववीच्या मुलामुलींना मोजू द्या. गणिताचा तो उत्तम तास होईल. त्यांना फळ्यावर चार रकाने आखायला शिकवा. गावातल्या कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाला रोजचे औषध लागते, कोणती भाषा कोणाला कळते, याची वही ठेवा आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ती नवी करा. भिलाली बोलणाऱ्या आजीला हिंदीत किंवा मराठीत सूचना देऊन चालणार नाही. आसऱ्याला आलेल्यांपैकीच पाचजणांची समिती पहिल्या संध्याकाळी नेमावी आणि तीत दोन तरी स्त्रिया असाव्यात, एवढा नियम आधी लिहून ठेवा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

ज्या शिक्षकाच्या नावाने आपण येथे जमलो आहोत त्यांचे खरे स्मारक अशा एखाद्या वहीत असेल, असे मला वाटते. ती वही कधीच उपयोगी पडू नये अशी प्रार्थना करू या, आणि तरीही ती दर ज्येष्ठात पुन्हा लिहू या.